माशाचं खोटं, दर्याचं खरं

मासा कुठे लागला हे खरं सांगणारा कोळी वेळणे बंदरात एकदाच जन्माला आला होता म्हणतात, आणि त्याला त्याच्या बायकोनेच घराबाहेर काढलं. बाकी सगळे सराईत खोटारडे. सुरमईच्या वजनाने होडीचा काठ पाण्याला टेकला असला तरी बोलायचं ते असं, "काय नाय रे, दोन बांगडे नि मूठभर बोंबील." जाळं उत्तरेला टाकलं असेल तर दक्षिणेला सांगायचं. ऐकणारेही तितकेच मुरलेले. दगडू नाखवा "दोन बांगडे" म्हणाला की बाकीचे नाखवे मुकाट्याने त्याच्या दिशेला सुकाणू वळवत.

यात कुणाला पाप वाटत नसे. 'माशाचं खोटं, दर्याचं खरं' हा बंदराचा कायदा होता. मासळीबद्दल हवं तेवढं खोटं बोला. पण वारा, पाणी, खडक आणि माणसाचा जीव याबद्दल एक शब्द जरी खोटा गेला, तर धक्क्यावर तुमच्या होडीचा दोर धरायला कुणी पुढे यायचं नाही. हा कायदा कुठल्याच पुस्तकात छापलेला नव्हता, त्यामुळे सरकारला तो ठाऊक नव्हता. सरकारच्या यंत्राला तर नव्हताच.

धक्क्यावर बर्फाच्या कारखान्याशेजारी कामिनी पावसेचं दुकान होतं. होड्यांची दिशायंत्रं आणि मासे शोधायची यंत्रं ती दुरुस्त करायची. लग्न केलं नाहीस का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "दुकान केलं." दहा वर्षांपूर्वी तिने याच दुकानातल्या एका संगणकावर होड्यांसाठी आणि खाडीकाठच्या पाच गावांसाठी एक छोटं समाजमाध्यम उभं केलं. नाव ठेवलं 'हाळी'. मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांवर जगभराची नाचगाणी आणि भांडणं. हाळीवर मात्र वारा, लिलावाची वेळ, हरवलेली शेळी, बारसं आणि अर्थात दोन बांगडे. महिन्याला वीस रुपये. नको वाटलं तर सोडून जा, कामिनी अडवायला येणार नव्हती. अठ्ठावीसशे माणसं टिकून होती.

हाळीच्या कपाळावर एक डाग होता, आणि तो कामिनीने कधी लपवला नाही. बर्फाची गाडी चालवणारा वसंत गवाणकर पोरं पळवतो, असं कुणीतरी हाळीवर लिहिलं. तासाभरात धक्क्यावर पन्नास माणसं जमली. वसंताचा जीव वाचला, पण उजवा पाय गेला. कामिनी तेव्हा आठवडाभर जेवली नाही. आठव्या दिवशी तिने हाळीत 'जामीन' आणला. धोक्याची किंवा आरोपाची बातमी लिहायची तर कुणीतरी आपल्या नावानिशी तिचा जामीन राहायचं. बातमी खोटी निघाली तर त्या माणसाचा आवाज त्या विषयापुरता बारीक होणार. कुणाचा आवाज किती मोठा ऐकायचा हे मात्र कामिनीही ठरवणार नव्हती. प्रत्येकाने आपली चाळण आपणच निवडायची. कुणी डॉक्टरांच्या चाळणीतून जग बघे, कुणी भजनी मंडळाच्या, तर कुणी सगळंच गाळल्याशिवाय घेई. पुढच्या पाच वर्षांत हाळीवरून धक्क्यावर पुन्हा गर्दी जमली नाही.

पण वसंत एकटा नव्हता. राज्यात ठिकठिकाणी अफवांनी माणसं मेली, आणि संदेश सत्यता कायदा आला. गंमत अशी की कायदा हवा म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडल्या त्या मोठ्या कंपन्याच. 'आम्हाला नियम हवेत' अशा पानभर जाहिराती त्यांनी दिल्या. कामिनीला त्या वाचूनच वास आला होता. ज्याच्या घरी पाच वकील जेवायला असतात, त्याला नियमांचं ओझं होत नाही. शेजारच्याच्या पाठीवर मात्र ते छान बसतं.

कायद्याने प्रत्येक जाळ्याला सरकारी डबी जोडली. हाळीला ती जोडायला आला तो कामिनीचा सख्खा मोठा भाऊ, हेमंत. पावसे आळीतला पहिला इंजिनीअर, जिल्ह्याच्या सत्यता कार्यालयात तपासणी अधिकारी. त्याने स्वतःच्या हाताने तार जोडली, लाखेची मोहोर लावली.

"दादा, हे नोकरी म्हणून करतोयस की तुला पटतंय?" कामिनीने विचारलं.

"पटतंय. वसंताचा पाय बघितलास ना?"

"दर महिन्याला बघते. म्हणून तर जामीन आणला."

"लोकांवर सोडून चालत नाही गं. लोक मेंढरं असतात."

"मग तुझ्या कार्यालयात बसतात ते कुठून आले? ते काय मेंढपाळाच्या पोटी जन्मले?"

हेमंत हसला, पण तिला हसू आलं नाही. "माझ्या जाळ्याचा कंटाळा आला तर माणूस दुसरीकडे जातो," ती म्हणाली. "मी चुकले तर माझं दुकान बसतं. तुझी चाळण चुकली तर तुझं काय बसतं? आणि तिचा कंटाळा आला तर माणसाने जायचं कुठे?"

"कायद्यातून बाहेर जायचं नसतं, कामे."

"तेच म्हणतेय मी."

डबीतलं यंत्र प्रत्येक संदेशाला सत्यांक देई. मूळ कल्पना वाईट नव्हती, हे कामिनीही कबूल करायची. सगळ्यांसाठी लिहिलेला संदेश आला की यंत्र तीन गोष्टी तपासे. जगात आजवर नोंदल्या गेलेल्या माहितीशी तो किती जुळतो, उपग्रह किंवा एखादं मोजयंत्र त्याला दुजोरा देतं का, आणि बोलणारा याआधी किती वेळा खरा निघाला. तिन्हीचा हिशेब करून शून्य ते शंभरातला एक आकडा निघे, तोच सत्यांक. चाळिसाच्या खाली असेल तर संदेश रोखून बारा तासांच्या आत माणसाकडून तपासायचा. दहा लाखांवर ग्राहक असलेल्या कंपन्यांना स्वतःचा सत्यकक्ष ठेवायची मुभा होती. तिथे तपासणी दहा मिनिटांत होई. हाळीसारख्यांनी रांगेत बसायचं.

आता यातली मेख बघा. जे आजवर घडलेलंच नाही त्याची नोंद कुठून असणार? म्हणजे नवी गोष्ट पहिल्यांदा बघणारा माणूस यंत्राच्या लेखी सगळ्यात मोठा खोटारडा. दुसरी मेख वेळण्यापुरती होती. यंत्राकडे होड्यांच्या जागा होत्या आणि लिलावाचे आकडेही. "दोन बांगडे" म्हणणाऱ्याच्या होडीतून चारशे किलो उतरले की यंत्र निमूटपणे एक खोटं मांडे. दोन वर्षांत वेळणे बंदराच्या नावावर ऐंशी हजार खोटी जमली. बंदराचा सरासरी सत्यांक अकरावर आला आणि दगडू नाखव्याचा चारवर. नाखव्याला त्याचा इतका अभिमान की त्याने होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगाने लिहून घेतलं, 'सत्यांक ४'. सगळं बंदर पोट धरून हसलं. कामिनीही हसली, आणि त्याबद्दल तिने पुढे स्वतःला बरंच कोसलं.

कार्तिकातली अमावास्या होती. अमावास्येची ओहोटी मोठी. संध्याकाळकडे खाडीचं तोंड उघडं पडतं आणि पाच गावांच्या बाया टोपल्या घेऊन चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरतात. दुपारी दोन वाजता दगडू नाखव्याचा आवाज हाळीवरून दुकानात आला. एरवीचा मिस्कील सूर त्यात नव्हता.

"पोरी, खाडीच्या तोंडाशी पाणी लाल झालाय. विटेचा चुरा कालवल्यासारखा. सकाळी खडकावरची कालवं उकडून खाल्ली आम्ही. तिघांचे ओठ बधिर झाले. रघूचे हातच उचलत नाहीत, श्वास तोकडा पडतोय. मी धक्क्याला येतोय. डाक्तरला उभा कर. आणि बायांना सांग, आज खाडीत उतरू नका."

कामिनीने डॉक्टर अन्वर मुकादमांना फोन लावला. आरोग्यकेंद्रात एकटेच असायचे. ऐकता ऐकता त्यांचा आवाज बदलला.

"एक सूक्ष्म शेवाळ असतं, कामिनीताई. अंगाला मानवणारं पाणी मिळालं की फुलतं, पाणी लाल दिसतं. तिसऱ्या, कालवं हीच पाणी गाळून जगतात, त्यामुळे विष त्यांच्यात साठत जातं. त्यांना काही होत नाही. आपण खाल्लं की नसांची दारं बंद होतात. आधी ओठ, मग बोटं, मग छाती. उकळून विष जात नाही आणि उतारा नाही. विष उतरेपर्यंत श्वास देत राहणं, एवढंच हातात असतं. आपल्या खाडीत मी हे कधी पाहिलं नव्हतं. नमुना वर पाठवतो, पण अहवालाला दोन दिवस लागतील."

"ओहोटी दोन दिवस थांबणार नाही, डॉक्टर."

"मी लिहितोच हाळीवर."

कामिनीने नाखव्याचा निरोप पाच गावांसाठी हाळीवर टाकला, डॉक्टरांनी आपला लिहिला. डबीवर दोनदा लाल दिवा लागला. नाखव्याचा संदेश: सत्यांक सहा. डॉक्टरांचा: एकोणतीस, नोंदीत आधार नाही. दोन्ही रोखले, तपासणी बारा तासांत. कामिनीने घड्याळ बघितलं. अडीच. साडेचारला बाया चिखलात असणार होत्या, आणि रात्रीच्या जेवणात पाच गावांतल्या पानांवर तिसऱ्यांचं कालवण. फोन करायचे तर ओहोटीच्या दिवशी बाया फोन घरी ठेवून निघत. हाळीची धोक्याची आरोळी मात्र गावागावांच्या भोंग्यांवर जाई. ती आरोळीच डबीच्या पोटात अडकली होती.

तिने हेमंतला लावला.

"दादा, तुझ्यासमोर दोन संदेश आहेत. सोड ते."

काही क्षण टकटक ऐकू आली. "नाखव्याचा सहा आहे, कामे. या माणसाने दोन वर्षांत अडीच हजार खोटी सांगितलीत."

"माशाची! दर्याचं एक तरी दाखव. तुझ्या यंत्राला माणसाला एकच तोंड असतं असं वाटतं. तू वेळण्याचा आहेस, तुला कळत नाही?"

"मला कळून काय उपयोग? चाळिसाखालचं मी एकट्याने सोडू शकत नाही. दोन सह्या लागतात, वरचे साहेब बैठकीत आहेत. गेल्या वर्षी व्यापाऱ्यांनीच भाव पाडायला 'मासळी विषारी' अशी हूल उठवली होती, ती याच खात्यात बसते. तू डबीला हात लावू नकोस. परवाना जाईल, तुरुंगही होईल. आणि कागदावर सही माझी असेल."

"बाया मेल्या तर कुठल्या कागदावर सही असेल?"

त्याने फोन ठेवला. कामिनीला रडू आलं ते भीतीने नाही, संतापाने. डोळे पुसून ती बाहेर आली. उतारावरून बायांची पहिली रांग टोपल्या डोक्यावर घेऊन खाली निघाली होती. तिने ओरडून सातआठ जणींना थांबवलं, पण एका तोंडाने पाच गावं कशी थांबणार? पलीकडच्या वळणावर पावसेंचं जुनं घर. अमावास्येला टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे असणारी तिची आई आज ओटीवर बसली होती. टोपली भिंतीला उपडी.

"आई, तू निघाली नाहीस?"

आईने इकडेतिकडे पाहिलं. चौसष्ट वर्षांची बाई, पण चेहरा चोरी पकडलेल्या पोरीसारखा झाला होता. "हेमंताचा फोन आला होता आत्ता. म्हणाला, आज तिसऱ्या काढू नको, खाऊ नको, विषारी हायत. नि म्हणाला, कुणाला सांगू नको, माझी नोकरी जाईल." "माझ्या डोळ्यांदेखत शेवंता गेली गो टोपली घेऊन. मी तिला नुसतं 'जपून जा' म्हटलं. मला हितं बसवत नाय."

कामिनी जागीच उभी राहिली. म्हणजे दादाने नाखव्यावर विश्वास ठेवला होता. यंत्राने सहा दिले होते, दादाने शंभर. फक्त ते शंभर त्याने एकाच घरात खर्च केले.

"बसू नकोस," ती म्हणाली. "पळ. शेवंताकाकूला गाठ. जी भेटेल तिला सांग. मी बाकीचं बघते."

दुकानात शिरून तिने पेचकस उचलला. लाखेच्या मोहोरेवर भावाच्या अंगठ्याचा पुसट ठसा होता. तिने मोहोर फोडली, तार उपटली, आणि डबी टेबलावरून ढकलून दिली. मग हाळीवर लिहिलं, 'खाडीच्या तोंडाशी लाल पाणी. तिसऱ्या, कालवं विषारी. तिघे आजारी. खाडीत उतरू नका, काढलेलं खाऊ नका. हे दगडू नाखव्याने पाहिलं, डॉक्टर मुकादमांनी लक्षणं ऐकून ओळखलं. सरकारी डबी मी काढून टाकली आहे. जामीन मी, कामिनी पावसे. पटलं तर माना, नाही पटलं तर खुशाल शिव्या द्या.' आणि नाखव्याचा आवाज जसाच्या तसा खाली जोडला.

पाच गावांचे भोंगे एकदम वाजले. नाखव्याचा तो आवाज ऐकून कुणाला आकडा विचारावा लागला नाही. बंदरातल्या माणसाला दर्याचा सूर कळतो. चार गावांच्या बाया अर्ध्या चिखलातून माघारी फिरल्या. काहींनी मानलं नाही. त्यातल्या सहा जणी आजारी पडल्या, वाचल्या. रघूला डॉक्टर आणि नाखवा आळीपाळीने पंपाने श्वास देत राहिले, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बोट हलवलं. पाचवं गाव पाडळे. तिथे हाळी थोड्यांकडे, भोंगा वाऱ्याच्या उलट बाजूला. बहुतेक लोक एका मोठ्या कंपनीच्या जाळ्यावर होते. कुणीतरी तिथे कामिनीचा संदेश टाकला होता. दूरच्या शहरातल्या सत्यकक्षात एका तपासनिसाने तो ठरल्याप्रमाणे दहा मिनिटांत वाचला. तिसऱ्या म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. त्याने तो अफवा म्हणून पुसला. पाडळ्यात त्या रात्री विषाने एक जोडपं गेलं. आणखी दोन दिवसांनी अहवाल आला, आणि त्या अफवेचा सत्यांक अठ्ठ्याण्णव झाला.

डबी फोडल्याची सुनावणी महिन्याने लागली. समोर आयुक्त बाई होत्या, वृंदा देशमाने. सभ्य, थकलेल्या. बाजूला फाइल घेऊन हेमंत, नजर फाइलीतच. मागच्या बाकावर आई.

"कामिनीताई," आयुक्त म्हणाल्या, "तुम्ही जीव वाचवलेत हे आम्ही नाकारत नाही. कायदा मोडलात हेही खरं आहे. मी मार्ग काढला आहे. वेळणे बंदर ही विशेष बाब म्हणून घेऊ. तुमच्या हाळीला खास सूट. डबी राहील, पण तुमचा संदेश थेट आमच्या माणसाकडे येईल, रांग नाही. खटला मागे. इथे सही करा."

फाइलीतला कागद पुढे आला. हेमंतने पहिल्यांदा वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं, कर ना सही. सही केली की हाळी वाचत होती. दादाची नोकरी वाचत होती. कामिनीने कागद दोनदा वाचला, आणि महिन्यापूर्वीचाच संताप पुन्हा उसळला.

"बाजूच्या बंदरांना ही सूट आहे?"

"त्यांनी अर्ज केला तर विचार करू."

"आणि पाडळ्याला?"

आयुक्तांनी कागद तिच्याकडे आणखी सरकवला.

"बाई, त्या दिवशी या कार्यालयातून एका घरी फोन गेला होता," कामिनी म्हणाली. हेमंतने फाइल मिटली. "कुणी केला ते मी सांगणार नाही, त्याला हवं तर तो सांगेल. फोन करणारा वाईट माणूस नाही. त्याला खरं काय ते कळलं होतं. पण तुमच्या व्यवस्थेत त्याला जे खरं वाटलं ते फक्त आपल्या माणसाला, दाराआड, चोरून सांगता येत होतं. तुम्ही आज मला देताय तोही तसलाच फोन आहे. ओळखीच्या घरी केलेला. मला नको."

"मग तुम्हाला हवं काय? अफवांचं रान मोकळं सोडायचं? माझ्याच तालुक्यात दोन माणसं जाळली आहेत लोकांनी."

"अफवा मी तुमच्यापेक्षा जवळून बघितलीय. खोटं बोलून कुणाचं नुकसान केलं तर पकडा, कोर्टात उभं करा, मी साक्षीला येते. पण बोलायच्या आधीच तोंडाला हात लावू नका. कुणाचं ऐकायचं हे माणसाला ठरवू द्या. दहा चाळणी निघू देत, शंभर निघू देत. वाईट चाळण लोक टाकून देतील. तुमची एकच आहे, आणि ती टाकून द्यायची सोय नाही. पाडळ्याची दोन माणसं त्या एकीत अडकली."

"सही केली नाहीत तर आज सहा वाजता हाळी बंद होईल. खटला चालेल."

"चालू द्या," असं म्हणून कामिनीने कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि उठली. आई तिच्या मागोमाग निघाली. दाराशी थांबून आईने हेमंतकडे एकदा वळून पाहिलं.

साडेतीन वाजले होते. कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून कामिनीने मांडीवर संगणक उघडला. हाळीची सगळी जुळणी, जामिनाची रीत, चाळणी बनवायची हत्यारं, दहा वर्षांत शिकलेलं एकूण एक तिने एका ठिकाणी बांधलं आणि वाटायला सुरुवात केली. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या ज्या बंदरात ओळखीचा एक तरी माणूस होता, तिथे. फुकट. ज्याला हवं त्याने आपली हाळी उभारावी, हवी तशी बदलावी, तिच्याहून चांगली करून तिचं दुकान बसवावं. पाच वाजेपर्यंत एकतीस बंदरांनी घेतली होती.

मागे पावलं वाजली. हेमंत दोन पायऱ्या वर उभा होता.

"हे काय करतेयस ते मला दिसतंय," तो हळूच म्हणाला. "परवाना नसलेलं जाळं वाटणं, हा वेगळा गुन्हा आहे. मी बघितलं म्हणजे मला लिहावं लागणार, कामे."

कामिनीने मान वर केली नाही. बत्तिसावं बंदर घेत होतं.

"लिही," ती म्हणाली. "आणि दादा, या वेळी सगळ्यांना सांग."